चढावर बंद पडू न दिलेली गाडी

किल्ली फिरवली आणि गाडीनं नुसतं ‘टक्’ केलं. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. तिसऱ्या वेळी तर तिनं तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं. पेशंटच्या घरी जाऊन काम करायची नवी नोकरी त्यांच्या हाताशी आली होती, पण त्यासाठी लायसन्स हवं होतं, आणि लायसन्सची परीक्षा आज होती. याआधी त्या दोनदा नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी बंद पडली होती. आज तर गाडीनं चढ येईपर्यंतही दम धरला नव्हता.

खरं दुखणं निराळंच होतं. बॅटरी कोणी उतरवली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काल संध्याकाळी इंजिन न लावता, नुसती किल्ली फिरवून त्या गाडीत सराव करत बसल्या होत्या. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, मोठे दिवे, वायपर, पुन्हा पहिल्यापासून. आता घरचे आपल्याला धुऊन काढणार, अशी मनाची तयारी करून त्या खाली उतरल्या.

नवरा म्हणजे चहात साखर कमी पडली तरी चौकशी बसवणारा माणूस. पण आज तो कान खाजवत म्हणाला, “असू दे गं. यंत्र आहे, चालायचंच.”

सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कुकरची शिट्टीही ऐकू येत नसे. त्याही मऊ आवाजात म्हणाल्या, “कुणाचा दोष नाही हो. तिची वेळ भरली. तू घाबरू नकोस, मी वरच्या डॉक्टरांना हाक मारते.”

नर्सबाईंना गहिवरून आलं. एवढी समजूतदार माणसं आपल्याच घरात होती आणि इतकी वर्षं आपल्याला पत्ता नव्हता!

वरचे डॉक्टर दातांचे. ते केबल घेऊन उतरले, त्यांनी आपली गाडी आणून उभी केली आणि मग दिसलं, की इकडची गाडी नाक भिंतीला टेकवून उभी आहे आणि केबल तिथवर पोचत नाही. म्हणजे गाडी मागे ढकलणं आलं. सगळ्यांत हलक्या म्हणून सासूबाईंना स्टिअरिंगवर बसवलं. आजवर त्या गाडी मागच्या सीटवरूनच चालवत आल्या होत्या. बाकीच्या तिघांनी जोर लावला. गाडी तसूभर हलेना.

“ढकला की! नुसता हात काय लावताय?” सासूबाई आतून ओरडल्या.

“आई, ब्रेकवरचा पाय काढ!”

“वा रे वा! पाय काढला तर गाडी हलेल ना!”

शेवटी एकदाचा पाय निघाला, गाडी मागे आली, सासूबाईंच्या जागी नर्सबाई बसल्या आणि डॉक्टरांनी बॉनेट उघडलं. बॅटरीवर पांढरी बुरशी चढली होती. सवयीनं त्यांनी मान तिरकी करून आत पाहिलं.

“रोज घासता का?”

“वर्षातून एकदा,” नवरा म्हणाला.

“दिसतंय.” ब्रशनं सगळं खरवडून त्यांनी केबल जोडली. “हं, आता जरा झोंबेल. वहिनी, मारा स्टार्टर.”

गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. सासूबाईंनी हात जोडले, ते गाडीला की डॉक्टरांना, हे कळलं नाही. डॉक्टरांनी निघताना बजावलं, “तासभर तरी बंद करू नका. वाटेत बंद पडली तर पुन्हा लागेल, याची खात्री नाही.”

नवऱ्याला शेजारी बसवून नर्सबाई निघाल्या आणि हे वाक्य त्यांनी परीक्षेपर्यंत जपासारखं घोकलं. चढ आला. मागच्या दोन्ही वेळा इथं त्यांच्या डोक्यात नापास व्हायची भीती होती. आज नापास व्हायची आठवणच झाली नाही, गाडी तेवढी जिवंत ठेवायची होती. शंभर पेशंट सांभाळलेल्या त्या बाईनं क्लच असा अलगद सोडला, की शेजारी बसलेल्या परीक्षकांनी हातातलं पेनही घट्ट धरलं नाही.

“छान. आता गाडी बंद करा.”

“साहेब, हवं तर नापास करा, पण बंद करायला सांगू नका!” आणि त्यांनी सकाळची सगळी कहाणी सांगितली.

परीक्षक पोट धरून हसले. “अहो बाई, गाडी बंद पडू न देणं, हीच तर परीक्षा होती,” म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

घरी पेढ्यासारखं गोड तोंड करून नर्सबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. डॉक्टरांचे आभार मानून झाले होते. आता घरच्यांचे मानायचे, तर आधी खरं बोलायला हवं होतं.

“तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, म्हणून मी पास झाले. पण बॅटरी मीच उतरवली हो. काल दिवे लावून बसले होते.”

नवऱ्यानं पुन्हा कान खाजवला. “तू नाही गं. मी रोज बसनं ऑफिसातून आलो की घरात यायच्या आधी गाडीत गाणी ऐकत बसतो. तेवढीच जरा शांतता.”

दोघंही सासूबाईंकडे बघायला लागली. त्या पदराशी चाळा करत होत्या.

“दुपारी गाडीतला दिवा लावून पुस्तक वाचते मी,” त्या म्हणाल्या. “कधीकधी बंद करायचा राहतो.”

 मग सासूबाईंनीच विषय मिटवला.

“नवी बॅटरी जरा मोठी आण रे. आपण तिघं आहोत.”