पूर्वस्थितीत परत

छापखान्यात त्याला सगळे वेलांटी म्हणत. ऱ्हस्व की दीर्घ यावरून तो भल्याभल्यांशी भांडला होता आणि एकदाही हरला नव्हता. मुद्रितशोधक म्हणून त्याचा स्वतःवर दांडगा विश्वास होता. त्यामुळे दुसऱ्या गावच्या मोठ्या छापखान्यात नोकरी लागली आणि भाड्याची खोली मुदतीच्या पाच महिने आधी सोडायची वेळ आली, तरी त्याला घाम फुटला नाही. अनामत रक्कम परत मिळणारच होती, कारण करार त्याने स्वतः तपासलेला होता.

ती मिळायलाच हवी होती, ही गोष्ट वेगळी. नव्या गावच्या घरमालकीणबाईंना शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांची अनामत हवी होती, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार होती. मग उरलं ताईचं घर, म्हणजे मेहुणे. मेहुणे रोज जेवताना माणसाने पैसा कसा सांभाळावा यावर बोलत आणि ताटावरून कुणाला उठू देत नसत. 'तुमच्याकडे एक दिवसही राहायची वेळ येणार नाही' असं वेलांटीने ताईला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

घरमालक वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना तराजूकाका म्हणत. ते फोनवर एवढंच म्हणाले, "करारात लिहिलंय तसं करू. शनिवारी अकराला यादी घेऊन येतो."

वेलांटीने करार काढला. मुदतीआधी सोडायचं तर अटी दोनच होत्या. एक, आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणून द्यायचा. दोन, खोली पूर्वस्थितीत परत करायची. 'पूर्वस्थितीत' हा शब्द लाल शाईत होता आणि अक्षर त्याचंच होतं. तराजूकाकांनी मुळात 'चांगल्या स्थितीत' लिहिलं होतं. 'चांगली म्हणजे कुणाच्या मते चांगली? शब्द मोघम आहे,' असं म्हणून यानेच तो खोडला होता. काकांना मोजूनमापून बोलणारा माणूस आवडला. त्यांनी लगेच खोलीची पूर्वस्थिती लिहून करारालाच जोडली: स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतो, दार कुरकुरतं, खिडकीची कडी बसत नाही, टेबल डुगडुगतं, भिंतीवर ओलीचा डाग आहे.

आणि वेलांटीने पहिल्याच महिन्यात स्वतःच्या खिशातून हे सगळं दुरुस्त करून घेतलं होतं.

शेजारच्या खोलीत राहणारा त्याचा मित्र बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा. भिंतीपलीकडची नळाची टपटप थांबली तेव्हा सर्वात जास्त आनंद त्यालाच झाला होता.

"काकांना सरळ विचार ना," तो म्हणाला. "गळका नळ परत मागणारा मालक असतो का कुठे?"

"लेखी शब्द असताना तोंडी विचारायचं नसतं," वेलांटी म्हणाला.

बेकरीवाला जांभई देत झोपायला निघून गेला.

वेलांटीने बेत आखला. खोली बघायला एक बँकेतला कारकून शनिवारी नऊला येणार होता. त्याला दुरुस्त खोली दाखवायची, होकार घ्यायचा, आणि मग अकराच्या आत खोली पूर्वस्थितीत आणायची. कारकून नऊला आला नाही. साडेनऊलाही आला नाही. प्लंबर मात्र वेळेवर हजर झाला. दीड वर्षापूर्वी नळ दुरुस्त करून गेलेला तोच हा प्लंबर. त्याने नळ उघडला, बंद केला, खाली वाकून पाहिलं.

"गळत नाहीये, साहेब."

"माहीत आहे. गळायला हवा."

प्लंबरने पाना खाली ठेवला, थोडा विचार केला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "थेंब थेंब, की धार?"

वेलांटीने यादीत पाहून थेंब थेंब असं सांगितलं. प्लंबर कामाला लागला. वेलांटीने बिजागऱ्यांचं तेल साबणाच्या पाण्याने धुतलं, खिडकीची कडी वाकवली, टेबलाच्या पायाखालची चकती काढली आणि रंगवलेल्या भिंतीवर काळ्या चहाने डाग उठवला. डाग मूळच्यापेक्षा देखणा झाला. पूर्वी तो छत्रीसारखा होता, आता आगगाडीसारखा दिसत होता, पण यादीत आकार लिहिलेला नसल्याने वेलांटी निर्धास्त होता.

पावणेअकराला कारकून आला. दार कुरकुरलं. टेकावं म्हणून त्याने टेबलावर हात ठेवला, तर टेबल डुगडुगलं. भिंतीवरच्या ओल्या डागाकडे पाहून तो दोन पावलं मागे सरला. 'कळवतो' असं म्हणाला आणि जिना उतरताना मागे वळून पाहिलंही नाही.

वेलांटीने करार पुन्हा उघडून पाहिला. दुसरी अट पुरी करता करता पहिली हातची गेली होती. डोळ्यांसमोर मेहुण्यांचं जेवणाचं टेबल दिसू लागलं.

"काय भाडं आहे हो इथलं?" हात पुसत प्लंबरने विचारलं. भावाच्या घरात तो दोन वर्षं पुतण्यांच्या पायाशी झोपत होता. "खोली मी चांगली असताना पाहिलीय. मला चालेल."

वेलांटीने त्याचा ओला हात दोन्ही हातांत धरला.

अकराच्या ठोक्याला तराजूकाका आले. वेलांटीने प्लंबरला नवा भाडेकरू म्हणून पुढे केलं. हातात यादी, कानावर पेन्सिल. त्यांनी नळापाशी उभं राहून थेंब मोजले आणि यादीवर रेघ मारली. दार ऐकलं, रेघ. कडी, टेबल, डाग, रेघा. काकांचा चेहरा उतरत चालला होता.

"सगळं पूर्वस्थितीत आहे ना, काका?" वेलांटीने विचारलं.

"तंतोतंत," काका म्हणाले. "तुमची अनामत पूर्ण परत. पण मला जरा वाईट वाटलं. बेकरीवाले मला म्हणाले होते, तुम्ही पदरचे पैसे घालून सगळं दुरुस्त केलंय. म्हटलं, फुकटचं वजन आपल्या पारड्यात नको. म्हणून यादीत प्रत्येक दुरुस्तीचा खर्च मांडून आणला होता, अनामतीबरोबर द्यायला. इथे बघतो तर एकही दुरुस्ती नाही."

काही सांगावं तर मघाचा पाना, साबण आणि चहा, सगळंच सांगावं लागलं असतं. वेलांटीने अनामतीचं पाकीट घेतलं. पलीकडच्या खोलीतून बेकरीवाल्याचा खोकला ऐकू आला.

काकांनी यादी नव्या भाडेकरूच्या हाती दिली. "तुम्ही प्लंबरच आहात, तर हे करून घ्या. लिहिलाय तो खर्च मी देतो."

"दुपारपर्यंत करतो," प्लंबर म्हणाला. एकच नळ तिसऱ्यांदा पैसे मिळवून देणार होता. काकांनी तिथेच लिहून दिलेला नवा करार त्याने वेलांटीपुढे धरला. "साहेब, तुम्ही एवढे जाणकार. एकदा नजर घाला ना, शब्द बरोबर आहेत का."

काकांनी पुन्हा आपलाच शब्द लिहिला होता, आणि तोही घाईत: 'खोली चागल्या स्थीतीत परत करावी.' अनुस्वार नव्हता. पहिली वेलांटी चुकली होती. वेलांटीचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. बोटं पेनाभोवती आवळली गेली, कपाळावर घाम आला.

मग त्याने रिकामा हात बाहेर काढला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे."