काज आपोआप पडतं का?

मार्थाकडे ब्लाउजचं माप द्यायला गेलं की आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं. टेप तुमच्या छातीभोवती आवळलेली, तिच्या तोंडात दोन टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून प्रश्न यायचा, "काज आपोआप पडतं का?"

"नाही" म्हणेपर्यंत टेप सुटायची नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, बाई काज-बटणाची शिलाई वेगळी मागतेय. म्हटलं, "आपोआप पडलं तर बरंच की गं." झालं! तो ब्लाउज असा तंग निघाला की मला बसमध्ये वरचा दांडा धरता येईना. नाशिकरोड ते शालिमार मी बायकांच्या अंगावर पडत गेले.

मग कळलं, प्रश्न शिवणाचा नव्हताच. तो सृष्टीचा होता. साधं काज पाडायला कोणीतरी बसावं लागतं, मग हे डोळे, कान, द्राक्षाचे घड, हे करायला कोणी नको? मार्थाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. तिचं दुसरं वाक्य ठरलेलं होतं. "देवानं एकेक माणूस माप घेऊन केलाय, मावशी. उरल्यासुरल्या कापडातून नाही."

मला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. आम्ही माळी, जन्म गेला देवांचे हार करण्यात. पण मार्था हे सगळं रागानं सांगायची. इतक्या रागानं, की जणू समोरच्यानं देवाचं काम आत्ताच नाकारलंय आणि वर कापडही परत मागितलंय. बोलताना मशीन पळायचं, पायाखालची पट्टी खडखडायची, दोरा तुटायचा, मग दोऱ्यावर राग.

नवरा शांतवन एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीला जायचा. नावासारखाच शांत. मुलगी एकच, रूथ. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जन्मापासून आखूड आणि एकमेकांना चिकटलेली. पोर हुशार, पण तो हात कायम खिशात. तिच्या शाळेच्या निळ्या ट्युनिकला बाकी सगळ्या मुलींचा खिसा उजवीकडे, रूथचा तेवढा डावीकडे. आईच शिवणारी, तेव्हा कोण विचारणार!

त्या बोटांचा निकाल आमच्या गल्लीनं केव्हाच लावून टाकला होता. मार्था पोटुशी असताना ग्रहण लागलं, आणि ही कातर चालवत बसली, म्हणून पोरीची बोटं अशी. आमच्या बायका बोलायच्या ते सोडा, तिची सासू, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, "आपल्यात असलं मानत नाहीत" असं म्हणायची आणि पुढच्याच श्वासाला, "पण त्या दिवशी कातर हातात घ्यायला नको होती." माझं डोकं उठायचं. एकदा नळावर मी हंडा आपटून म्हटलं, "कातरीनं कापतं गं बायांनो! चिकटतं होय कातरीनं? चिकटवायला काय डिंक घेऊन बसली होती ती?" त्यानंतर दोन घरांनी माझ्याकडून गजरे घेणं बंद केलं. घेऊ नका म्हटलं.

मार्थानं मात्र या कोणालाही कधी उत्तर दिलं नाही. तिचा सगळा राग निघाला तो रूथच्या विज्ञानाच्या पुस्तकावर.

रूथ नववीत गेली आणि पुस्तकात तो धडा निघाला. माणूस हळूहळू, लाखो वर्षांत, आधीच्या प्राण्यांपासून झाला. त्यात त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, आईबापांनी मुलांना तयार करावं, शाळेत प्रश्न येतील, उत्तर देता आलं पाहिजे. इतरांनी ते ऐकून सोडून दिलं असेल. मार्थानं आमच्यासमोर ओट्यावर रोज संध्याकाळचा वर्ग सुरू केला. ठरलं असं, की बाईंनी वर्गात तो धडा काढला की रूथनं उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं.

सरावाला विरोधी पक्ष हवा. तो शांतवन.

"माणूस माकडापासून झाला," बिचारा जमिनीकडे बघत म्हणायचा.

रूथ म्हणायची, "काज आपोआप पडतं का?"

"नाही पडत. खरंय तुझं."

"अहो!" मार्था किंचाळायची. "विरोध करायला बसवलंय तुम्हाला, मान डोलवायला नाही! बाई अशा लगेच ऐकतील का?"

"पण तिचं बरोबर आहे ना?"

"बरोबरच आहे! म्हणूनच तर भांडा!"

चार-आठ दिवसांत तिनं नवऱ्याला काढून टाकलं आणि मला बोलावलं. "मावशी, तुम्ही बसा. तुमच्याइतकं भांडखोर गल्लीत कोणी नाही." याला मान म्हणायचा की अपमान, मी अजून ठरवतेय. पण गेले. म्हटलं, काय बोलायचं? तर म्हणे, "सुचेल ते. फक्त ऐकून घेऊ नका."

मला त्या धड्यातलं ओ की ठो माहीत नाही. मग मी आमचंच सांगितलं. "आमचा देव आधी मासा झाला. मग कासव. मग रानडुक्कर. मग अर्धा सिंह, अर्धा माणूस. मग बुटका माणूस, आणि मग कुठं पुरता माणूस. आता बोल!"

रूथ हसत सुटली. "आजी, अगदी अशीच ओळीनं चित्रं आहेत पुस्तकात!"

"मुद्दा आहे हां," शांतवन दारातून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" मार्था लालबुंद. "विरोध जमत नाही तर निदान फितूर तरी होऊ नका! आणि मावशी, हे मध्ये घालायचं नाही. बाई हे विचारणार नाहीत."

असं किती दिवस चाललं. ताटातला भात गार, पोर पेंगायला आलेली, आणि ही, "पुन्हा सांग! आवाज मोठा! मान वर!" एका संध्याकाळी माझी सहनशक्ती संपली. "पुरे कर गं! जेवू दे तिला. आणि ऐक, काही काही गोष्टी होतातही आपोआप. कोणाच्या करण्यानं नाही."

मार्थानं माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "आपोआप नाही. आणि कातरीनंही नाही."

इतक्या वर्षांत ग्रहणातल्या त्या कातरीचा विषय तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी भाताचं ताट उचलून रूथपुढे ठेवलं आणि घरी आले. माझा राग कुणावर होता ते मलाच कळेना, मग रात्री मी उगाच आमच्या ह्यांच्यावर ओरडले.

शेवटी शाळेत तो धडा झाला. संध्याकाळी मार्थानं मला हाक मारली, आवाजात सण होता. "मावशी, या! ऐकू या काय झालं ते." रूथ ट्युनिकमध्येच उंबऱ्यावर बसली होती.

"बाईंनी विचारलं कुणाला काही शंका?" मार्था.

"हो."

"मग? उभी राहिलीस?"

"नाही."

"नाही?" मार्थाच्या हातातला खडू मोडला. "एवढं करून घेतलं तुझ्याकडून! गप्प बसलीस? देवानं तुला हातानं घडवलं हे सांगायची लाज वाटली?"

"तसं नाही गं आई. उभं राहिलं की सगळे इकडे बघतात." तिनं डाव्या खिशाकडे मान केली.

"बघू देत! माप घेऊन केलाय तो हात! चुकून नाही झालेला!"

रूथनं आईकडे बघितलं. उलट बोलायची पोर नव्हे ती. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "माप घेऊन केलाय, तर मग तू खिसा डावीकडे का शिवतेस?"

हा प्रश्न सरावात नव्हता. शांतवनला सुचला नव्हता, मला नव्हता, शाळेतल्या बाईंना तर सुचणारच नव्हता.

मार्था टेबलावरच्या चिंध्या उगाच आवरू लागली.

शांतवनच बोलला. "लहान होती तेव्हा ठीक होतं, मार्था."

"काढून दे इकडे," मार्था रूथला म्हणाली. पोर आत जाऊन फ्रॉक घालून आली. मार्थानं ट्युनिक मांडीवर घेतला आणि ब्लेडनं खिसा उसवायला बसली. भराभर काम करणारी बाई, पण त्या दिवशी एकेक टाका सोडवत होती. मध्येच म्हणाली, "नाताळच्या शिलाईची गर्दी होती, मावशी. ग्रहणाचं माझ्या लक्षातच नव्हतं."

"मग? त्यानं काय होतं?" मी खेकसले.

"काहीच होत नाही," ती म्हणाली. "माहितीय मला." आणि मग बाहीनं डोळे पुसले.

खिसा निघाला. बाकीचा ट्युनिक धुऊन धुऊन विटला होता, पण खिशाखालचं कापड तसंच राहिलेलं, गर्द निळं, नव्यासारखं. रूथ जवळ येऊन बसली. त्या चौकोनावर तिनं आपला डावा हात ठेवून बघितला. मार्थानं तो आपल्या हातात घेतला, उलटा-सुलटा केला, माप घेताना बघते तसा, आणि म्हणाली, "धर गं इथं कापड. ताणून धर. उजवीकडे लावू आता."

रूथनं त्याच दोन बोटांनी कापड धरलं. मार्थानं मशीन सुरू केलं.