काझीसरांचा चार ते पाचचा तास

आमच्या पनवेलच्या विद्यापीठातल्या काझीसरांच्या खिशात पेन नसतं, खोडरबर असतो. शिकवतात संख्याशास्त्र, पण ओळख 'टाइमटेबलवाले काझीसर' अशीच. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं चिकटवून केलेला सतरंजीएवढा कागद स्टाफरूममध्ये पसरायचा, पेन्सिल कानामागे, आणि कुणीही काहीही गाऱ्हाणं आणो, उत्तर ठरलेलं. "इन्शाल्ला, बसतं!"

विचुंब्याहून येणाऱ्या जोशीबाईंचं बाळ लहान, त्यांना पहिला तास नको. बसतं! पाटीलसरांना जेवल्यावर डुलकी लागते, त्यांना दुपारी प्रॅक्टिकल, म्हणजे टेबलाटेबलांतून फिरते तरी राहतील. हे तर पाटलांनी मागितलंही नव्हतं.

यंदा सॉफ्टवेअर आलं आणि माझ्या गळ्यात पडलं. मी वयाने लहान, म्हणून मला ते येणारच असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. सरांचा कागद गुंडाळून कपाटावर गेला. मी बटण दाबलं आणि चार मिनिटांत वेळापत्रक तयार! फक्त जोशीबाई रोज सकाळी साडेसातला आणि पाटील दुपारी फळ्यासमोर. स्टाफरूममध्ये नुसता शिमगा. मीही इरेला पेटले. "सॉफ्टवेअरमध्ये कारणाचा रकाना आहे. कारण लेखी द्या, तोंडी चालणार नाही!"

दुसऱ्या दिवशी काझीसर सगळ्यांची कारणं स्वतः लिहून घेऊन आले. पाटलांचंसुद्धा.

"झोप नका लिहू मॅडम, प्रकृती लिहा," हळूच म्हणाले. मग उठेचनात. खोडरबर बोटांत फिरवत बसले.

"तुमची मजा आहे बुवा, सर," मी म्हटलं. "नव्या वेळापत्रकात रोज एक वाजता मोकळे!"

"तौबा! माझा चार ते पाचचा तास तेवढा परत बसवा."

या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दिवसाचा शेवटचा तास कुणालाच नको असतो. तीन वर्षं तो सर घेत होते, आणि आम्ही म्हणायचो, काय भला माणूस!

"बसवते. पण कारण?" मेल्या सवयीने तोंडून निघून गेलं.

"दुपारचं घर खायला उठतं हो," ते खोडरबराकडे बघत म्हणाले. "रकान्यात काय लिहायचं ते तुम्हीच बघा."

सरांच्या पत्नीला, आमच्या भाभींना, जाऊन तीन वर्षं झाली, हे मला ठाऊक होतं. हिशेब मात्र मी कधी लावलाच नव्हता. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. मी रकान्यात 'प्रकृती' लिहिलं.

"बसलं, सर."