काचेच्या दातांचा तपास

"सुई हरवली बाई, बाळ शोधाया गं गेला,
बाळाला नाही सुई, सुईला बाळ सापडला."

या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा आतल्या खोलीतून हे दोन चरण ऐकू आले आणि पाठोपाठ हसणं. भरली घागर उपडी व्हावी तसं, भडाभडा. मग त्या हसण्यामागून सासूबाई बाहेर आल्या. वरचा एक सुळा शेजारच्या दातावर रेलून उभा, जसा काही गप्पा ऐकायला आलाय. मला म्हणाल्या, "याचं मनावर घेऊ नकोस हो. लहानपणी माझी हरवलेली सुई यानेच शोधून दिली. याच्याच टाचेत घुसली होती. तेव्हापासून स्वतःला गुप्तहेर समजतो."

सासूबाई आता नाहीत. गुप्तहेर, म्हणजे आमचे हे, आहेत.

ते स्वतःची ओळख अशी करून देतात: "गुन्हा जिथे श्वास रोखतो, तिथे मी श्वास घेतो. माझ्या नजरेतून सुटेल अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे." हे दुकानातल्या गिऱ्हाइकालाही ऐकवतात. दुकान चष्म्यांचं आहे. मालक एका गिऱ्हाइकाच्या बुटांवरच्या चिखलावरून त्याचं बालपण सांगत असतो, तोवर दुसरं गिऱ्हाईक तिसऱ्याचा चष्मा घालून घरी पोचलेलं असतं. मी त्यांची मदतनीस. म्हणजे चष्मे परत आणायला जाणारी.

तर, काचेच्या दातांचं प्रकरण.

माझी नणंद, घरातली धाकटी, फोटो स्टुडिओत काम करते. जगाचे दात संगणकावर पांढरेशुभ्र करायचे आणि स्वतः हसताना तोंडावर हात धरायचा, हा तिचा शिरस्ता. कारण आईचा तो रेलणारा सुळा तिच्या वाट्याला आला. हसणंही आईचंच आलं, ते मात्र बिचारीने हाताआड दाबून टाकलं. लग्न ठरलं तेव्हा तिने एकच हट्ट धरला, "माझ्या लग्नाच्या फोटोत माझा हात माझ्या मांडीवर असेल."

म्हणून अलाइनर आले. प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक साचा. दातांवर बसवायचा, जेवताना काढायचा, घासून पुन्हा बसवायचा. काही दिवसांनी त्याहून जरा सरळ असा पुढचा साचा. दातांना चाहूल लागू न देता त्यांची समजूत काढायची. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, त्याचं नाव ठेवलं होतं 'काचेची कवळी'. त्यांची स्वतःची कवळी रोज सकाळी कपात पोहते, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द घरात प्रमाण.

सुळा जवळजवळ वठणीवर आला होता. शेवटचा साचा तोंडात होता, लग्न तोंडावर होतं. आणि एका सकाळी न्याहारीनंतर धाकटी बेसिनपाशी किंचाळली, "वहिनी! वाटीत ठेवला होता! नाहीये!"

"कुणीही हलू नका!" यांचा आवाज आला. पाठोपाठ हे स्वतः आले आणि बादलीला अडखळले.

"दादा, थट्टा नकोय. साचा घातला नाही तर दात मागे फिरतात."

"दात मागे फिरतील, पण मी फिरणार नाही," असं म्हणून हे गुडघ्यांवर रांगू लागले. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे, पाण्याच्या किटलीजवळ, त्यांना काहीतरी सापडलं. आक्रसलेलं, चोळामोळा झालेलं, पारदर्शक. त्यांनी ते माझ्या भुवयांच्या चिमट्याने उचललं, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवलं आणि डबीवर लिहिलं: पुरावा क्रमांक एक.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"चोराच्या हातमोज्याचं बोट. वितळलेलं. म्हणजे चोर अतिशय तापट स्वभावाचा आहे."

मी म्हटलं, "हातमोजा वितळेल इतका तापट?"

"तुला कळायचं नाही."

आता अशा वेळी शहाण्या बाईने काय करावं? डबी उघडून नीट बघावं. मी काय केलं? बाजारात गेले. तपास सुरू झाला की घरातली भांडी पुराव्यात जातात, त्याआधी आमटी उरकलेली बरी.

संध्याकाळपर्यंत पहिला संशयित निश्चित झाला: दातांच्या डॉक्टरीणबाई. "साचा हरवला की फायदा कुणाचा? पुन्हा साचा करणाऱ्याचा. साधं गणित आहे."

"त्या आपल्या घरात शिरल्या कशा?"

"दाताच्या डॉक्टरला कुठेही शिरता येतं. तोंडात शिरतात, तिथे घराचं काय!"

हा सिद्धांत रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. मग उंदीर आला. उंदराला पुढे आलेल्या दातांचा न्यूनगंड असतो, हे यांचं म्हणणं. पिंजरा लावला. सकाळी पिंजऱ्यात यांचाच मोजा निघाला. त्यावरून आतला माणूस सामील आहे असं सिद्ध झालं, आणि आतला माणूस म्हणजे मी.

"हेतू?" मी पोळी लाटता लाटता विचारलं.

"मत्सर. नणंदेचे दात वहिनीपेक्षा सरळ होत चालले होते."

"अहो, लाटणं माझ्या हातात आहे, एवढं तरी गुप्तहेराच्या नजरेला दिसतंय ना?"

दिसलं असावं. कारण संशय ताबडतोब सर्वांवर समान वाटला गेला. प्रत्येकाला कपड्याच्या साबणाची एकेक वडी मिळाली. "चावा! चाव्याच्या ठशांवरून मी माणसाचं काळीज ओळखतो."

आम्ही चावलो. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. साबणाने आलं की साच्यापायी, ते मला कळलं, यांना नाही. बाबांनी मुकाट्याने वडी चावून परत दिली. गेले दोन दिवस ते तसेच मुकाट्याने वावरत होते. कपात कवळी तरंगायची आणि बाबा तिच्याकडे बघत बसायचे, जणू तीच काहीतरी बोलेल.

हे वडीवर भिंग धरून ओरडले, "सापडला! इतके सरळ, एकसारखे दात निसर्गात असूच शकत नाहीत! हा ठसा बनावट इसमाचा आहे!"

"बनावट दात आहेत रे, इसम तुझा बाप आहे," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे जाणं भाग पडलं. हे म्हणाले, सगळे संशयित एका खोलीत जमा करून शेवटचा उलगडा करायची पद्धतच आहे. खोली म्हणून दवाखान्याची बाहेरची बैठक निवडली गेली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला गाल सुजलेला एक अनोळखी गृहस्थ. त्याला वाटलं आपला नंबर आला, तो उठला. यांनी त्याला बसवलं. "तुमच्यावरही माझी नजर आहे."

डॉक्टरीणबाई दारात आल्या. यांनी घसा साफ केला.

"मंडळी, आपल्यातल्याच कुणीतरी एका निष्पाप मुलीचं हसू चोरलं आहे! आणि तो मागे ठेवून गेला आहे हे!" हातातली डबी झाकण उडवून बाईंच्या नाकाखाली.

बाईंनी एक नजर टाकली. "हो. हाच अलाइनर. वरचा."

गाल सुजलेला गृहस्थसुद्धा कण्हायचा थांबला.

"कुणीतरी उकळत्या पाण्यात टाकलाय. प्लास्टिक आहे हो ते, आक्रसणारच. साध्या पाण्याने धुवायचा असतो," बाई धाकटीकडे वळल्या. "याच्या आधीचा साचा जपून ठेवला आहेस ना? तो घाल आजपासून, म्हणजे दात मागे फिरणार नाहीत. नवा बनवून घेऊ. लग्नात सुळा किंचित तिरका दिसेल, बाकी काही नाही."

आम्ही सगळे यांच्याकडे बघू लागलो. जिच्यासाठी बादल्या उलथल्या, उंदरावर बालंट आलं, साबण खाल्ला, ती वस्तू तीन दिवस यांच्या शर्टाच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांच्या वासात सुखाने नांदत होती.

हे डगमगले नाहीत. "म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. सर्वात सुरक्षित जागा कोणती, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

माझ्या तोंडून सासूबाईंचे चरण कधी निसटले, मलाच कळलं नाही. "बाळाला नाही सुई..."

"...सुईला बाळ सापडला!" धाकटीने पुरं केलं आणि ती हसू लागली. घागर उपडी झाली. भडाभडा, दवाखानाभर. दोन्ही हात पोटावर होते. तोंडावर ठेवायला एकही शिल्लक नव्हता.

बाबा उभे राहिले. खिशातून कवळी काढून त्यांनी तोंडात बसवली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते बसवतात.

"उकळला मी," ते म्हणाले. "वाटीत दिसला. माझ्या कवळीला कोमट पाणी पुरतं, म्हटलं पोरीच्या वस्तूला चांगलं कढत घालावं. बघता बघता आक्रसला. घाबरून ओट्यामागे टाकला."

"अहो बाबा, मग सांगायचं ना लगेच!" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "मी काय ओरडले असते तुम्हाला?"

"ओरडण्याचं नाही गं." बाबा यांच्या हातातल्या डबीकडे बघत राहिले. "तो आक्रसला तेव्हा मला बरं वाटलं. त्याची लाज वाटली, म्हणून बोललो नाही."

हे काहीतरी विचारायला पुढे सरसावले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. टाचेवरच.

"तो सुळा तुझ्या आईचा," बाबा म्हणाले. "रोज सकाळी तू चहाला बसायचीस आणि तो रोज थोडा हललेला दिसायचा. वाटायचं, हिला सांगावं, एवढा एक राहू दे. पण तोंड तुझं, दात तुझे, मी कोण सांगणारा? मी आपला दातच बघत बसलो. आत्ता तू हसलीस आणि मला वाटलं, ती आतल्या खोलीत आहे. सरळ कर गं पोरी, सगळे सरळ कर. फक्त हसताना तोंडावर हात धरू नकोस. हाताआडून मला ऐकू येत नाही."