पातळ झालेला पुरावा

एका जंगलात, मुलांनो, सशाच्या पिल्लांची एक बालवाडी होती. इकडे लक्ष द्या, कान नंतर खाजवा.

बालवाडीला पत्र्याचं छप्पर होतं. चैत्र लागला की दुपारी पिल्लं माना टाकायची. एक तर 'ख' म्हणता म्हणता भोवळ येऊन पडलं. बालवाडीच्या बाई, चिमाक्का साळिंदर, यांच्या पोटात तुटलं.

त्यांनी मोहाचं तेल आणलं. हे तेल गारव्यात थिजतं, उन्हात पातळ होतं. ते बांबूच्या नळ्यांत भरून, बुचं मारून त्यांनी नळ्या भिंतींत आणि छताखाली लिंपल्या. दिवसा ऊन पिऊन तेल पातळ व्हायचं, रात्री ऊब सोडून पुन्हा थिजायचं. आत छान गारवा. पिल्लं 'ज्ञ'पर्यंत पोचली.

म्हणजे आता तपासणी आलीच.

बांधकाम खात्याचे गवेसाहेब भर दुपारी आले. "काय गार आहे हो!" म्हणत त्यांनी दोन डुलक्या काढल्या. मग चिमाक्कांच्याच पाठीचा एक काटा मागून घेऊन नळीत खुपसला.

"बाई, हे तर पातळ आहे!"

"दुपारी पातळच असायचं, साहेब. म्हणून तर गार वाटतंय."

"नियमात 'पक्कं बांधकाम' लिहिलंय. तुमची भिंत रोज वितळते!"

"भिंत नाही हो, तेल. आणि रात्री थिजतं की."

"रात्री खातं बंद असतं."

नळ्या निघाल्या. त्यांच्या जागी पक्का दगड बसला. पिल्लं पुन्हा माना टाकू लागली. मला विचाराल तर साहेबालाच त्या पत्र्याखाली बसवायला हवं होतं. पण मला कोण विचारतंय!

नळ्या पुरावा म्हणून जप्त झाल्या. पुरावा जपायला हवा, म्हणून गवेसाहेबांनी तो आपल्या कचेरीच्या चारी भिंतींना लावून रचला. तेव्हापासून ते दुपारभर खुर्चीतून हलेनात.

चिमाक्कांनी नळ्या परत मागायला आठ दिवस कचेरीत हेलपाटे घातले आणि हे सगळं पाहिलं. नवव्या दिवशी त्या बावीस पिल्लं घेऊनच कचेरीत शिरल्या.

"हे काय, बाई?"

"पुरावा, साहेब. महिनाभर या नळ्यांखाली बसलेली पिल्लं आहेत. अर्धाच पुरावा जमा केलात तर प्रकरण तुमच्यावर शेकेल."

साहेब घाबरले. त्यांनी प्रत्येक कानाला क्रमांकाची चिठ्ठी बांधून वर शिक्का मारला.

चौकशी अजून चालू आहे. पिल्लं आता कचेरीतच बेरजा करतात.

तात्पर्य: मुलांनो, चांगलं काम केलं की ते जप्त होतं. म्हणून गारव्यात बसायचं असेल तर पुरावा व्हावं, आणि चौकशी लवकर संपू नये म्हणून रोज देवाला हात जोडावेत.