खांद्याची तयारी

माणिकरावांनी ताडकळसच्या शाळेत बत्तीस वर्षं ग्रंथपालाची नोकरी केली आणि त्या काळात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं. पुस्तकविक्रेत्यांच्या छापील पत्रांनाही त्यांनी हातानं लिहून 'आपले पत्र पोचले' असं कळवलं होतं. राहिलं ते एकच पत्र, आणि तेही सिद्धोधनचं. दोन महिने होऊन गेले तरी ते उशाखाली तसंच होतं.

सिद्धोधन त्याच शाळेत कारकून होता. निवृत्तीनंतर तो आपल्या गावी, जिंतूरला जाऊन राहिला. त्यानं लिहिलं होतं :

"माणिक, घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. फोन करू नकोस. मला बोलता येत नाही आणि तू एरवीही बोलत नाहीस, मग फोनवर दोन मुके काय करणार? डॉक्टर तारीख सांगत नाहीत, पण बोलताना कॅलेंडरकडं बघतात. आपलं ठरलेलं आहे, मागं राहील त्यानं खांदा द्यायचा. पण तुझ्या अंगातला जोर मी पाहिलेला आहे. शब्दकोशाचा एक खंड उचलायला तुला दोन हात लागायचे. खरं सांग, तुझ्याच्यानं होईल का? होय किंवा नाही, एवढंच कळव."

'नाही' लिहिणं माणिकरावांना शक्य नव्हतं. 'होय' लिहिलं असतं, तर सिद्धोधन जाणार हे आपण मान्य केलं असा त्याचा अर्थ झाला असता. शिवाय ते खरं आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं. न तपासलेली गोष्ट लिहून द्यायची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्यांनी आधी पुस्तक काढलं.

शरीरक्रियाशास्त्राच्या त्या जाड पुस्तकात दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे, सत्तरीतही ओझं उचलत राहिलं तर स्नायू वाढतो. ओझ्यानं त्याच्या धाग्यांवर ताण पडतो, विश्रांतीत आणि खाण्यातून त्यांची डागडुजी होते, आणि धागे पहिल्यापेक्षा जाड होतात. मात्र पहिले काही आठवडे वाढतो तो स्नायू नव्हे. मेंदू आणि नसाच तेवढ्या काळात आहे त्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. खरी वाढ नंतरची, आणि म्हातारपणी ती आणखी सावकाश.

दुसरी गोष्ट तर माणिकरावांना फारच आवडली. स्नायूत थोडी ऊर्जा तयार ठेवलेली असते. ती आठ-दहा सेकंद पुरते. त्यानंतर साखर जाळावी लागते आणि माणूस धापा टाकू लागतो. अंत्ययात्रेत तर पंधरा-वीस पावलांवर कोणीतरी पुढं येऊन खांदा बदलतोच.

"म्हणजे दहा सेकंदांचाच प्रश्न आहे," ते बायकोला, पार्वतीबाईंना म्हणाले.

"तिथं घड्याळ घेऊन जाणार हाव का?" पार्वतीबाई भाकरी थापत होत्या. "आन् धाव्या सेकंदाला कोणी आलंच न्हाई तर?"

हा मुद्दा पुस्तकात नव्हता. माणिकरावांनी तो वहीत टिपून ठेवला.

मग त्यांनी हिशेब केला. शाळेच्या रद्दीच्या काट्यावर सिद्धोधन अडुसष्ट किलो भरला होता. तिरडीचे बारा धरले तर ऐंशी. चौघांत वाटले की वीस. पाच किलो ज्वारीच्या पिशवीपासून सुरुवात झाली. सकाळी पिशवी उचलायची, एक दिवसाआड विश्रांती घ्यायची, मूठभर भिजवलेले हरभरे खायचे. पंधरा दिवसांत ते नऊ किलोंवर आले. हरभऱ्याच्या डब्याचा तळ दिसू लागला.

"पाव्हणे येऊन गेले का घरात?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"स्नायूंना प्रथिनं लागतात."

"कुठं हाय तो स्नायू? मला दावा. लय दिवसांपासून सांभाळायले त्याला."

माणिकरावांनी सदऱ्याची बाही वर केली, स्वतःच पाहिलं आणि पुन्हा खाली घेतली.

खरी अडचण पुस्तकानंच आणली. ज्या हालचालीची सवय केली, जोर मुख्यतः त्याच हालचालीत येतो, असं सतराव्या दिवशी त्यांच्या वाचनात आलं. म्हणजे हातात पिशवी धरून केलेली मेहनत खांद्याला फारशी उपयोगाची नव्हती. सरावाला बांबूच हवा होता, आणि तोही त्याच मापाचा. त्या दिवशी बाजार होता. माणिकराव नागनाथच्या बांबूच्या दुकानासमोर बराच वेळ उभे राहिले. सूप घ्यायला आलेल्या दोन बायका जाईपर्यंत त्यांना बोलताच आलं नाही.

"दोन बांबू पाहिजेत," ते हळूच म्हणाले. "त्या... त्या कामाचे."

नागनाथनं हातातली विडी विझवली. तो आत गेला आणि दोन हिरवे बांबू, सुतळी आणि एक मडकं घेऊन आला. त्या कामाचे बांबू आधीपासून आणून घरात ठेवणारा माणूस त्याच्या आयुष्यात आला नव्हता, कुणाच्याच आला नसेल. असे बांबू मागितले म्हणजे कोणाच्या तरी अंगणात माणसं जमलेली असतात.

"कोण गेलं, सर?"

खोटं बोलणं माणिकरावांना जमत नसे आणि खरं समजावून सांगणं त्याहून जमत नसे.

"जिंतूरच्या सिद्धोधनसाठी," ते म्हणाले.

"आरारा! आपल्या शाळेतले साहेब? लय गुणाचा माणूस." नागनाथनं मडकं परत आत ठेवलं. "त्यांच्यात मडकं लागत न्हाई. न्या तुमी. तेवढ्या लांबून बांबू घेऊन जायलाव म्हणजे जीव किती आसंल!"

माणिकरावांना वाटलं, इथं काहीतरी बोलायला हवं. काय बोलावं ते ठरेपर्यंत ते घरापाशी पोचले होते.

नागनाथनं दत्तरावांना सांगितलं. दत्तराव त्याच शाळेचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचा मोबाइलवरचा ग्रुप तेच चालवत. त्यांनी सिद्धोधनच्या फोटोभोवती फुलांची चौकट काढली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. अर्ध्या तासात चाळीस जणांनी हात जोडले. माणिकरावांकडचा मोबाइल साधा होता, त्यामुळे हात जोडायचे ते एकटेच राहिले.

दुपारी एकच्या सुमारास दत्तराव जीप घेऊन दारात आले. माणिकराव परसात होते. खांद्यावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर बांबू, बांबूला बांधलेली नऊ किलो ज्वारी, आणि तोंडानं सेकंद मोजणं चालू. ते दृश्य पाहून दत्तरावांचे डोळे भरून आले.

"सर, खाली ठेवा ते. आमी घेतो गाडीवर. चला आता, उशीर व्हायलाय."

"कुठं?"

"जिंतूरला. सिद्धोधन गेले न्हवं का सकाळी."

बांबू माणिकरावांच्या खांद्यावरून घसरला. पिशवी फुटून ज्वारी परसभर झाली. ते तसेच खाली बसले.

"सकाळी?" एवढंच ते म्हणाले. आपण सकाळी कुठं गेलो होतो आणि कोणाशी काय बोललो, यातलं काहीही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या मनात फक्त उशाखालचं पत्र आलं.

पार्वतीबाई ज्वारी गोळा करता करता थांबल्या. "आवो, कळवलं कोणी? तुमीच काई बोललाव का बाजारात?"

पण तोवर दत्तरावांनी माणिकरावांना दंडाला धरून उठवलं होतं, आणि बांबू जीपच्या टपावर बांधले जात होते.

जीपमध्ये नऊ जण होते. सगळे सिद्धोधनच्या आठवणी काढत होते आणि माणिकराव काचेतून सोयाबीनची शेतं बघत होते. नऊ किलो. वीस पाहिजेत आणि आपण नऊवर आहोत. पहिले आठवडे नुसत्या नसाच शिकतात, स्नायूला तर अजून कळलंही नसेल. एका माणसानं एक प्रश्न विचारला होता, होय किंवा नाही. आपण त्याला उत्तर म्हणून पुस्तक वाचत बसलो.

"सर, पाणी पिता का?" दत्तरावांनी विचारलं.

"ते कोणी पुढं आलं नाही तर," माणिकराव म्हणाले, "मी सोडणार नाही. धाप लागली तरी चालेल."

दत्तरावांनी बाकीच्यांना खूण केली. धक्का बसलाय, बोलू द्या.

जिंतूरला घरासमोर गर्दी नव्हती. ओट्यावर एक वाळलेला माणूस खुर्चीत बसून वाटीतली पेज चमच्यानं पीत होता. गळ्याला पांढरा रुमाल होता. जीपमधून हार घेतलेले लोक उतरले तसा त्याचा चमचा थांबला. त्यानं हारांकडं पाहिलं, मग टपावरच्या हिरव्या बांबूंकडं.

सिद्धोधनच्या पत्नी धम्मशीलाबाई आतून धावत आल्या. "आवो, हे काय? कोणाचं काय झालं?"

दत्तरावांनी आपला हार पाठीमागं लपवला.

"कोण सांगितलं तुमाला?" बाईंचा आवाज चढला. "माझा माणूस जित्ता बसलाय समोर!"

"ग्रुपवर होतं," एक जण म्हणाला.

"ग्रुपवर म्या टाकलं," दत्तराव म्हणाले. "पण मला नागनाथनं सांगितलं. आन् नागनाथकडून आज सकाळी बांबू नेले ते..."

ते थांबले. सगळ्यांनी वळून माणिकरावांकडं पाहिलं. माणिकराव जीपच्या दाराला धरून उभे होते. सिद्धोधन दिसल्यापासून त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरला होता.

सिद्धोधन हसायला लागला. त्या हसण्याला आवाज नव्हता. फक्त खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पाहून आधी एक जण हसला, मग सगळेच. धम्मशीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चहा टाकला आणि हार गोळा करून घराबाहेर, कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवून आल्या.

लोक चहाला बसले तेव्हा सिद्धोधननं मांडीवरची पाटी उचलली. आता तो त्या शाळकरी पाटीवरच बोलत असे. त्यानं लिहिलं, 'बांबू काहून?'

माणिकरावांनी सगळं सांगितलं. ज्वारी, हरभरे, दहा सेकंद, नसांचं शिकणं. एवढं ते वर्षभरातही कधी सलग बोलले नव्हते. सिद्धोधननं त्यांना जवळ बोलावलं आणि दोन बोटांनी त्यांचा खांदा दाबून पाहिला. पेटी घेण्याआधी आंबा दाबतात तसा.

'हाय थोडा,' त्यानं लिहिलं. 'किती धरलं माझं वजन?'

"अडुसष्ट."

सिद्धोधननं पाटी पुसली. त्यानं लिहिलं, '४४'. मग माणिकराव वाचतायत ना हे पाहून खाली आणखी एक ओळ लिहिली. 'सोपं व्हायलंय तुला.'

माणिकरावांच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. चव्वेचाळीस आणि बारा छप्पन्न, चौघांत चौदा. तो होऊ नये म्हणून त्यांनी प्रयत्न केला, पण झालाच.

"सिद्धोधन, तुझ्या पत्राचं उत्तर," ते म्हणाले. "मी आत्ताच..."

सिद्धोधननं घाईनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि दोन्ही कानांवर तळवे ठेवले.

"बोलू नका," धम्मशीलाबाई कपबशी खाली ठेवत म्हणाल्या. त्यांचा राग उतरला होता. "रोज अकराला ओट्यावर येऊन बसतेत. पोस्टमन गल्लीतून जाईस्तोवर आत येत न्हाईत. मी म्हणलं, माणिकराव भाऊजींला फोन लावते, इचारते. तर नको म्हणले. बघायला येणारे लय येतेत हो. पण वाट बघावी आसं काई ऱ्हायलं न्हाई त्यांला, त्या पत्राबिगर."

सिद्धोधननं पाटी फिरवून दाखवली. 'पोस्टानं. सावकाश.'

परतताना बांबू टपावर होतेच. वाटेत दोन गावांत लोकांनी जीप पाहून टोप्या काढल्या.

घरी आल्यावर माणिकरावांनी तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. पार्वतीबाई परसात कंदील घेऊन उरलीसुरली ज्वारी वेचत होत्या. चौथा कागद त्यांनी फाडला नाही. त्यावर लिहिलं होतं :

"सिद्धोधन, तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, माफ कर. तू होय किंवा नाही विचारलंस. सध्या नाही. माझ्या वयात खांदा तयार व्हायला किमान चार महिने लागतात असं दिसतं, आणि त्यातले माझे सतरा दिवसच झालेत. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की ओझं वाढत गेलं तरच स्नायू वाढतो, कमी होत गेलं तर नाही. तेव्हा तू वजन असं उतरवत राहिलास तर माझी तयारी कधीच पुरी व्हायची नाही. पेज दोनदा पी. माझं झालं की कळवतो. तोवर काही घाई करू नकोस. तुझा, माणिक."

सकाळी ते पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"जिंतूर? स्पीड पोस्ट करता का? उद्या भेटंल."

"नाही," माणिकराव म्हणाले. "साधंच राहू द्या."

आणि बाहेर येऊन त्यांनी पाकीट लाल पेटीत टाकलं.