लटारूभाऊच्या डोक्यातला डोंगर

माणूस डोळ्यांनी बघतच नाही! बघतं ते डोकं. डोळे नुसते हमाल! हा सिद्धांत मी १९८६ साली चंद्रपूरच्या आमच्या नेत्र दवाखान्यात इतक्या वेळा ऐकवला, की शेवटी चहावाला माझा कप माझ्या कपाळासमोर धरू लागला.

मी तेव्हा डोळे तपासणारा सहायक. सहा महिने नागपूरला राहून डोळ्यांची वीज मोजायला शिकून आलो होतो. टीव्हीवर काळेपांढरे चौकोन आलटूनपालटून दाखवायचे, समोरच्याच्या डोक्यामागे वायरची चकती लेपानं चिकटवायची. नजर शाबूत असेल तर यंत्राच्या पडद्यावर रेघेचा डोंगर उठतो. बस्स! आता परीक्षक गुणवंतराव डॉक्टरांसमोर तो डोंगर एकदा उठवायचा. उठला तर प्रमाणपत्र मला आणि यंत्र चंद्रपूरला. नाही उठला तर यंत्र परत नागपूरला, आणि मी पुन्हा भिंतीवरच्या अक्षरांना काठी लावायला!

निरोगी नजरेचा माणूस हवा होता. मी थेट मूलकडच्या जंगलातला वनरक्षक लटारूभाऊ बोलावला. हा गडी अर्ध्या कोसावरून सागावरचा बिबट्या तर ओळखायचाच, वर त्याचं पोट भरलंय की नाही तेही सांगायचा! "साहेब, अशी नजर जिल्ह्यात नाही," मी छाती फुगवून गुणवंतरावांना म्हणालो.

लटारूभाऊ इस्त्रीच्या गणवेशात, चापून भांग पाडून, बायकोला घेऊन हजर. गिरजाबाई दाराबाहेर बसल्या. मी चकती लावली, चौकोन सुरू केले.

डोंगर नाही.

पुन्हा केलं. रेघ धानाच्या बांधीसारखी सपाट!

"तुमच्या रेघेप्रमाणे," गुणवंतराव थंडपणे म्हणाले, "हा माणूस आंधळा आहे."

दाराला कान लावलेल्या गिरजाबाईंनी तेवढंच ऐकलं. "आंधळे झाले वं माय! परवाच तं कुंकू वाकडं हाय म्हणे मले!"

"अहो बाई, थांबा..."

"कसं थांबू जी? यायची नोकरी जाईन ना!"

लटारूभाऊ मात्र शांत. सरकारी माणूस! यंत्रानं सांगितलं म्हणजे विषय संपला. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे करून चाचपडत उठला. "मशीन काऊन खोटं बोलन? मलेच सकाळपासून जराक धूसर दिसून राह्यलं होतं."

"लटारूभाऊ, डोळे उघडा!"

"आता काय फायदा जी?"

आणि स्टुलाला अडखळला. त्याला सावरायला गुणवंतरावांनी डोक्याला हात लावला, तो सर्रकन मानेपर्यंत घसरला. चकती हातात! त्यांनी बोटांचा वास घेतला.

"हे काय?"

"टोरीचं तेल जी," गिरजाबाई रडणं थांबवून अभिमानानं म्हणाल्या. "डोक्याचा फोटू काढतेत म्हणे. मंग मीच घातलं, वाटीभर."

मोहाच्या बियांचं तेल! त्यावर लेप लावणं म्हणजे तुपाच्या डब्याला तिकीट चिकटवणं!

"चकती नीट चिकटली का, ते आधी यंत्रावर तपासायचं," गुणवंतराव म्हणाले. "हा कितवा धडा?"

"पहिला," मी जमिनीला सांगितलं.

मग जिल्ह्याच्या या भावी विशेषज्ञानं दवाखान्याच्या मोरीत एका वनरक्षकाचं डोकं धुतलं. एकदा अंगाच्या साबणानं, दोनदा कपड्यांच्या! वर स्पिरिट! यंत्र सुधारलंय, असं मी आईची शपथ घेऊन सांगितलं तेव्हा कुठे लटारूभाऊनं डोळे उघडले.

चकती पुन्हा लावली, चौकोन सुरू केले. आणि उठला! असा डोंगर उठला की खाली गाव वसवावं!

"दिसून राह्यलं!" लटारूभाऊ ओरडला.

गुणवंतरावांनी सही केली. मी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि भाषणासाठी घसा खाकरला. तेवढ्यात गिरजाबाई पुढे आल्या. नवऱ्याच्या खराट्यासारख्या उभ्या केसांकडे त्या बघत होत्या.

"साहेब, अशा कोरड्या डोक्यानं गावात नेलं तं लोक इचारतीन, कोणाच्या मातीहून आले म्हणून." त्यांनी पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. "तुमीच धुतलं ना? मंग तेवढं तेल चोपडून द्या जी."